दुपारी बारा ते चार : पट मांडून बसणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना

उन्हाळा तापू लागला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत प्रशासनाच्या सूचना निघतात. भर दुपारी घराबाहेर पडू नये, तहान नसली तरी पाणी प्यावे, बाहेर पडावेच लागले तर डोक्याला दुपट्टा बांधावा, गुरे सावलीत ठेवावीत. सूचना रास्त आहेत. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता, आणि तो नुसता ४३ वर थांबला तर इथला माणूस त्या दिवसाला बरा दिवस म्हणतो. परंतु या सूचनांत एक मोठी त्रुटी राहून गेली आहे. बाहेर पडू नका हे सांगितले. आत बसून काय करा हे कोणी सांगितले नाही. तेंदूपाने तोडणारे पहाटेच जंगलात जातात, ऊन चढायच्या आत परततात आणि पुढे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसतात. त्यांना हा प्रश्न पडत नाही. प्रश्न उरलेल्यांचा आहे : सुट्टीतले गुरुजी, निवृत्त वनपाल, शटर अर्धे ओढून घेतलेले दुकानदार, परीक्षा संपलेली पोरे. जेवण झाले, जरा डोळा लागला, घामाने जाग आली, घड्याळात पाहावे तर पावणेदोन. अशा वेळी माणूस "जरा चौकातून येतो" म्हणतो आणि सूचनेचा भंग होतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ला आली नि २०२१ ला गेली. तेव्हा दुपार बुडवण्याचा तो मार्ग धोरण म्हणून सुचवता येत नाही. उरतात बैठे खेळ. प्रस्तुत सूचना त्यांच्याविषयी आहेत.

प्रथम उद्दिष्ट निश्चित करावे. खेळाच्या डब्यात जे पत्रक असते त्यावर जिंकणारा कोण हे पहिल्या चार ओळींतच सांगितलेले असते, आणि बहुतेक मंडळे तिथेच फसतात. ज्या मंडळाला नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, त्याने जिंकण्याच्या भानगडीत पडायचे कारण काय? अशा मंडळाचे यश एकाच मापाने मोजता येते : सूर्य कलेपर्यंत किती माणसे उंबरठ्याच्या आत टिकली. सातजण बसले आणि चार वाजता सातहीजण बसलेलेच आहेत, तर दुपार यशस्वी. एकजण अप्रतिम खेळून जिंकला आणि तिघे दीड वाजताच उठून गेले, तर दुपार फुकट गेली, मग डाव कितीही देखणा झालेला असो. हे माप एकदा मान्य केले की कोणता खेळ घ्यावा, कुठे बसावे, भांडण कसे सोडवावे, या सगळ्याची उत्तरे त्यातूनच निघतात. मान्य न करणाऱ्यांनी पुढचे वाचण्याऐवजी सरळ बुद्धिबळाच्या स्पर्धेत नाव द्यावे. त्यांच्याकडे आपण लवकरच येणार आहोत.

जागेविषयी थोडक्यात. ओसरी असेल तर उत्तम, नसेल तर कूलरसमोरची खोली. मात्र कूलर लावला की कागदाचा खेळ बाद समजावा. 'व्यापार' खेळातल्या नोटा पहिल्या झोतातच दिवाणाखाली जातात आणि दिवाणाखालून निघालेली रक्कम गेलेल्या रकमेशी कधीच जुळत नाही. बल्लारपुरात एवढी मोठी कागदाची गिरणी असूनही हा जिल्हा कागदी खेळांना अनुकूल नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. कूलर बंद पडल्यास काय, असाही प्रश्न येईल. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, म्हणून आपल्या गल्लीतला दिवा जाणार नाही असे समजणारा माणूस या भागात नवा आला आहे असे ओळखावे. सोंगट्या म्हणून जड वस्तू घ्याव्यात : कवड्या, गोटे, बाटलीची झाकणे, फुटक्या बांगडीचे तुकडे. फरशीवर खडूने आखलेला पट सर्वांत चांगला, कारण तो उडत नाही आणि रागाच्या भरात कोणाला उलथताही येत नाही.

आता खेळाची निवड. बुद्धिबळाचा मान मोठा आहे आणि विदर्भात तो अलीकडे फारच वाढला आहे. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर होऊन आली, तेव्हापासून घरोघरी एकतरी पट नव्याने विकत आणला गेला असेल. पण याच स्पर्धेकडे आमच्या मापाने पाहावे. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. दोघी तुल्यबळ होत्या म्हणून ते ताणले गेले. तुमच्या ओसरीवर तुल्यबळ कोण आहे? बुद्धिबळात ताकद मोजण्यासाठी एलो नावाची गुणपद्धती वापरतात. तिच्या हिशेबाने दोघांत ४०० गुणांचे अंतर असले तर वरचढ खेळाडूने शंभरातले साधारण ९१ गुण न्यावेत. निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांचा साडू यांच्यात ४०० चे अंतर सहज असते. म्हणजे साडूने अख्खी सुट्टी हरायचे, आणि बाकीच्या पाचांनी उभे राहून ते पाहायचे. पहिल्या दिवशी साडू मोठ्या मनाने हसतो, दुसऱ्या दिवशी त्याला शेतावर काम निघते. ज्या खेळात निकाल आधीच ठाऊक आहे तो दुपारी दीड वाजता संपतो. कॅरमचेही तेच : चारजण खेळतात, बाकीचे कोपर लागू नये म्हणून मागे सरकत सरकत शेवटी दाराबाहेर जातात.

व्यापारात दोष वेगळा आहे, आणि तो जन्मजात आहे. या खेळाचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या पटात सापडते. १९०४ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. एकाच्या हाती जमीन गोळा झाली की बाकीच्यांचे काय होते, हे लोकांनी खेळता खेळता अनुभवावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी नियमही दोन तऱ्हेचे केले होते : एकात संपत्ती वाढली की सर्वांचा फायदा, दुसऱ्यात एकाने बाकीच्यांना धुळीला मिळवायचे. जगाने दुसरी तऱ्हा उचलली. १९३५ पासून पार्कर ब्रदर्सने तीच मोनोपॉली म्हणून विकली आणि आपण तिचे व्यापार केले. त्यामुळे या खेळात माणसे एकेक करून दिवाळखोर होतात आणि दिवाळखोर झालेला माणूस उठतो. तो उठावा हीच खेळाची रचना आहे. जमिनीच्या केंद्रीकरणावर हे भाष्य म्हणून उत्तम, उष्माघाताच्या प्रतिबंधासाठी घातक. पुण्यामुंबईहून सुट्टीला आलेली भाचरे सोबत कतान नावाचा जर्मन खेळ आणतात. १९९५ चा आहे, आणि त्यात शेवटपर्यंत कोणी बाद होत नाही ही त्याची जमेची बाजू. लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज यांची देवाणघेवाण करायची असते. लोकर सोडली तर बाकी सगळे या दोन जिल्ह्यांत आहे आणि त्यावरून खरी भांडणेही आहेत. पण नियम समजावण्यात पाऊण तास जातो, आणि तेवढ्यात काकांचा डोळा लागतो. झोपलेला माणूस आतच असतो, त्यामुळे आमच्या मापाने तोही यशात धरावा का, यावर मतभेद आहेत. आमच्या मते धरू नये. जाग येताच तो चौकात जातो.

लुडो सगळ्यांना येतो, म्हणून तो सुरक्षित वाटतो. इथे गणित मांडणे भाग आहे. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. दहा फेऱ्यांत एकदाही सहा न पडण्याची शक्यता शंभरात सोळा. एकट्याचे हे प्रमाण किरकोळ दिसते, पण चारजण खेळत असतील तर दहा फेऱ्यांनंतरही त्यांतला निदान एकजण अजून घरातच बसलेला असण्याची शक्यता निम्मी होते. म्हणजे दर दोन डावांत एकदा कोणीतरी दहा वेळा फासा टाकून काहीच न करता बसणार. हा माणूस अकराव्या फेरीला पाणी प्यायला उठतो. बाराव्या फेरीला त्याचा फासा दुसराच कोणीतरी टाकतो, आणि नेमका तेव्हा सहा पडतो. सापशिडीत हा धोका नाही. तिचे जुने रूप मोक्षपट, आणि परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते, त्यामुळे घरातले वडीलधारेही तिला हरकत घेत नाहीत. पण सापशिडीत कोणाला काही ठरवावेच लागत नाही. कोणी काही ठरवत नाही म्हणून कोणावर दोष ठेवता येत नाही, आणि दोष ठेवता आला नाही तर माणसे वीस मिनिटांत पेंगू लागतात.

या सर्व कसोट्यांतून जो खेळ तगतो तो फरशीवरचा, पाच गुणिले पाच घरांचा. कोणी त्याला चंगा-अष्टा म्हणतात, कोणी चल्लस-आठ. चार कवड्या, नसल्या तर एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके. चारही उताण्या पडल्या तर चंगा, चारही पालथ्या पडल्या तर अष्टा, आणि दोन्हीला पुन्हा दान. कवड्या सारख्या पडतात असे धरले तर यांतले एखादे दान सरासरी आठांत एकदा येते; फार दुर्मीळ नाही, फार स्वस्तही नाही. मात्र ज्या घरी सोंगटी पहिल्याच दानाला निघते त्या घरची पद्धत घ्यावी, नाहीतर लुडोचाच रोग इथे येईल. खरी खुबी पुढे आहे. ज्याची सोंगटी सर्वांत पुढे गेली तिने सर्वांत जास्त वाट तुडवलेली असते, म्हणून ती मेली तर त्याचेच नुकसान सर्वांत मोठे. फुलीच्या घरात ती सुरक्षित असते, पण फुल्या मोजक्या. शिवाय अनेक घरी एकतरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही, त्यामुळे नशिबवान माणसालाही सज्जनासारखे कडेकडेने निघून जाता येत नाही. परिणामी साडेतीन वाजता सर्वांत मागे असलेला माणूस सर्वांत आशावादी असतो. असा माणूस उठत नाही.

यावर गंभीर प्रकृतीचे लोक आक्षेप घेतील की हा तर नशिबाचा खेळ, यात बुद्धीला वाव काय. आक्षेप अर्धा खरा आहे. दान किती पडणार हे कवड्या ठरवतात. चारांपैकी कोणती सोंगटी चालवायची हे माणूस ठरवतो. चांगला खेळणारा महिन्याच्या हिशेबात वर येतोच, पण एका दुपारपुरता तो कोणाकडूनही हरू शकतो, आणि मंडळाला हव्या त्या प्रमाणात बुद्धी आणि दैव इथे मिसळलेले आहेत. दुसरा आक्षेप कायद्याचा. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला मोकळीक देतो, दैवाच्या खेळाला देत नाही. आम्ही दैवाची शिफारस करत असल्याने पैसा पटापासून दूर ठेवणे ओघानेच आले. पैज लावायचीच असेल तर चिंचोक्यांची लावावी; त्यांत कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही. तिसरा आक्षेप तरुणांचा : मोबाइलवर लुडो असताना हे कशाला? कारण मोबाइलमध्ये रडीचा डाव खेळता येत नाही. सोंगटी हळूच एक घर पुढे सरकवणे, कवडी कडेला टेकून उभी राहिली की ती उताणी असल्याचा दावा करणे, आणि त्यावर "काहून भाऊ, आमाले दिसत नाही का?" असा जाब विचारला जाणे, हा या खेळाचा गाभा आहे. ज्या पटावर कोणाला फसवताच येत नाही तिथून माणूस एक बटण दाबून निघून जातो.

वाघ-बकरीचा उल्लेख केला नाही तर या भागाचा अवमान होईल. नेपाळात हाच खेळ बाघचाल म्हणून चालतो, तमिळनाडूत त्याचा भाऊ आडु-पुली-आट्टम. नेपाळी पद्धतीत चार वाघ कोपऱ्यांत, वीस बकऱ्या एकेक करून पटावर उतरतात. वाघाने उडी मारून बकऱ्या खायच्या, बकऱ्यांनी वाघांची वाट अडवायची. हा खेळ दोघांचा असला तरी आमच्या मापावर उतरतो, कारण बकऱ्यांची बाजू समितीने चालवता येते. वाघाला एकच मेंदू हवा, बकऱ्यांना सहाजण सल्ला देऊ शकतात आणि सहाही सल्ले वेगळे असतात. यीव जिन लिम आणि युर्ग नीव्हर्गेल्ट या संगणकतज्ज्ञांनी सिद्ध केले आहे की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर हा डाव बरोबरीत सुटतो. वनविभाग आणि ग्रामस्थ यांच्या बैठकांना जाऊन आलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटू नये. मात्र एक पथ्य पाळावे. ताडोब्याचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि वाघ त्या रेघेत राहत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडच्या गावांत मोहफूल वेचायला गेलेली बाई परत न आल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते. ज्या घरावर असा प्रसंग आला आहे त्या घरच्या ओसरीवर हा पट मांडू नये. तिथे चंगा-अष्टाच खेळावे.

नियमांवरून भांडण होणारच. डब्यातले पत्रक पुढे करून ते मिटवू नये, कारण मिटलेले भांडण दुपारचा अर्धा तास खाऊन जाते आणि बदल्यात काहीच देत नाही. हात वर करून मतदानही घेऊ नये. त्यात हरलेले दोघे एकमेकांकडे पाहून उठतात. या बाबतीत आदर्श दूर शोधायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढच्या बैठकीत जातो. या पद्धतीने वागून त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने हाती घेतले. तेवढ्या पद्धतीवर 'मेलेली सोंगटी लगेच निघते की पुढच्या दानाला' हा प्रश्न सुटायला हरकत नसावी. हरकत आलीच तर प्रश्न उद्यावर टाकावा. ज्याचा प्रश्न उद्यावर टाकला आहे तो माणूस उद्या नक्की येतो, म्हणजे एका भांडणात दोन दुपारी साधतात.

सर्वांत अवघड आक्षेप आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने येतो. कोणीही उठू नये हे ठीक; मग पाणी कोण आणते, पन्हे कोण करते, आणि भांडी घासून दोन वाजता मोकळ्या होणाऱ्या बायकांना डाव अर्ध्यावर आलेला असताना कुठे बसवायचे? या आक्षेपाला उत्तर नाही, म्हणून सूचनेतच दुरुस्ती करणे भाग आहे. उंबरठा ओलांडायला बंदी आहे, माठापर्यंत जायला नाही. ज्याची सोंगटी मेली त्याने उठून सर्वांना पाणी द्यावे. यामुळे मारलेल्या सोंगटीचे दुःख कामात जिरते आणि निवृत्त वनपालांना आपल्याच घरात पेले कुठे असतात हे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळते. अर्ध्यात आलेल्यांना पिछाडीच्या खेळाडूच्या निम्म्या सोंगट्या द्याव्यात. मागून सुरू केलेली जोडी बहुधा पुढच्याला गाठते. लहान मुलांसाठी कच्चा लिंबू ही जुनी व्यवस्था आहेच : त्याने दान टाकावे, त्याची सोंगटी चालावी, कोणी मारू नये आणि ती पोचल्याचे कोणी मोजूही नये. ही सवलत मोठ्यांनाही लागू करता येते, विशेषतः नुकत्याच हरून उठू पाहणाऱ्यांना, पण त्यांना तसे कळू देऊ नये.

पावसाळ्याबद्दल पुरवणी. भामरागडला पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की तालुक्याचा संपर्क तुटतो, आणि मग प्रश्न चार तासांचा राहत नाही, चार दिवसांचाही होतो. तिथे कोणी बाहेर जाण्याचा संभव नसल्याने वरील माप लागू पडत नाही. खुशाल बुद्धिबळ खेळावे, हवा तर व्यापारही, कारण दिवाळखोर झालेला माणूस जाणार तरी कुठे?

उन्हाळी डाव ऊन कलल्यावर थांबवावा, मग तो कुठल्याही टप्प्यावर असो. थांबवताना पटाचा फोटो काढण्याची विनंती हमखास होईल, म्हणजे उद्या इथूनच पुढे सुरू करता येईल म्हणून. अशी विनंती नेहमी पुढे असलेलाच करतो, आणि ती मान्य केली तर उद्या मागे असलेले येत नाहीत. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. तो फारच हटून बसला तर उद्यापासून त्याला कच्चा लिंबू करावे.